साइड-बाय-साइडची नोंदणी वजनावरून अडली? गाडी काट्यावर नेण्याआधी हे वाचा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मी नेमकं कशाचं उत्तर देते आहे ते स्पष्ट राहील. तुम्ही बॉस्टनजवळ राहता. मेन राज्यात बेथेल गावाच्या बाजूला थोडी जमीन आणि छोटं घर घेतलं आहे. आई-बाबा उन्हाळ्यात येतात, त्यांना उघड्या गाडीत धूळ खात बसवायला नको, म्हणून बंद केबिनची सहा आसनी साइड-बाय-साइड, म्हणजे स्टीअरिंग आणि शेजारी-शेजारी सीट असलेली कच्च्या वाटांवरची छोटी गाडी, जुन्या बाजारातून घेतलीत. नोंदणीला गेल्यावर सांगण्यात आलं की कंपनीच्या कागदावर गाडीचं ड्राय वेट (पेट्रोल, तेल न धरता वजन) २,२०० पौंडांच्या आसपास आहे, मर्यादा २,००० ची आहे, त्यामुळे नोंदणी होणार नाही. आता तुम्ही दोन गोष्टी विचारता आहात. दारं, हीटर, विंच (अडकलेली गाडी ओढायची तारेची चरखी) आणि मागची सीट काढून गाडी काट्यावर नेली आणि १,९५० ची पावती आणली तर चालेल का? आणि मित्र म्हणतो तसं माँटाना राज्यात एलएलसी (मर्यादित जबाबदारीची कंपनी) काढून तिथली नंबर प्लेट घ्यावी का?

दोन्हींचं उत्तर 'नाही' आहे. पण दोन 'नाहीं'ची कारणं वेगळी आहेत. ती नीट कळली तर पुढची गाडी घेतानाही उपयोगी पडतील. मी न्यू इंग्लंडमधल्या एका डीलरशिपमध्ये टायटल आणि नोंदणीची कागदपत्रं बघते. गाडी चालवण्यातली मी तज्ज्ञ नाही, माझा संबंध फॉर्मवरच्या रकान्यांशी. तुमचं प्रकरण रकान्याचंच आहे.

आपल्याकडून आलेल्या माणसाच्या डोक्यात आरटीओ पक्का बसलेला असतो. एक आरसी, त्यावर मालकाचं नाव, गाडीचा नंबर, अनलेडन वेट, सगळं एकाच कागदावर. इथे ऑफ-रोड गाडीच्या बाबतीत या तीन वेगळ्या गोष्टी असतात. टायटल म्हणजे मालकी. ऑफ-रोड नोंदणी म्हणजे ट्रेलवर, म्हणजे जंगलातल्या ठरलेल्या वाटांवर, चालवायची परवानगी. आणि रस्त्यावरची नंबर प्लेट म्हणजे तिसरंच प्रकरण. शिवाय दुसरी गोष्ट बहुतेक वेळा मोटार वाहन खात्याकडे नसतेच. मेनमध्ये ती इनलँड फिशरीज अँड वाइल्डलाइफ खातं देतं, म्हणजे मासेमारी आणि शिकारीचा परवाना देणारं खातं. पेनसिल्व्हेनियात वनं आणि निसर्गसंवर्धन बघणारं खातं, मॅसॅच्युसेट्समध्ये एन्व्हायर्न्मेंटल पोलिस, मिनेसोटा आणि विस्कॉन्सिनमध्ये डीएनआर, म्हणजे राज्याचं नैसर्गिक साधनसंपत्ती खातं. यामागचा हेतू पाहा: या खात्यांना तुमच्या गाडीचे दिवे आणि ब्रेक यांच्याइतकीच जंगलातल्या वाटेची काळजी आहे. वजनाची मर्यादा तिथून येते.

केंद्राच्या पातळीवर तर साइड-बाय-साइड ही 'मोटार वाहन' या व्याख्येत बसतच नाही, कारण ती मुळात रस्त्यासाठी बनवलेली नाही. कारला लागणारे संघीय सुरक्षा मापदंड तिला लागत नाहीत आणि कंपनी तसं प्रमाणपत्रही देत नाही. कंपन्यांनी आपापसांत एक मापदंड ठरवला आहे. त्यात अशा गाडीची रुंदी ८० इंचांपेक्षा कमी आणि एकूण भारासह कमाल वजन ३,७५० पौंडांपर्यंत धरलं आहे. विक्रेता जेव्हा म्हणतो 'सगळं स्टँडर्डमध्ये आहे', तेव्हा तो याबद्दल बोलत असतो. ते खरंही असतं. पण राज्याची व्याख्या याहून बरीच अरुंद असू शकते, आणि नोंदणी राज्य करतं.

आता मेनचा नियम. रुंदी ६५ इंचांपेक्षा (सुमारे १६५ सेंटिमीटर) जास्त असेल, किंवा कंपनीने दिलेलं ड्राय वेट २,००० पौंडांपेक्षा (सुमारे ९०७ किलो) जास्त असेल, तर ती गाडी राज्याच्या ट्रेल्ससाठी नोंदली जात नाही. नियम येण्याआधी मेनमध्ये नोंदलेल्या गाड्यांना सवलत आहे, तिच्याकडे मी खाली येते. या वाक्यातला सगळ्यात महत्त्वाचा शब्द 'कंपनीने दिलेलं' हा आहे. तुमची सगळी अडचण त्यातच आहे.

नोंदणी टाऊन ऑफिसमधल्या क्लार्ककडे होते, एजंटकडे होते, ऑनलाइनही होते. यातल्या कोणाकडेही काटा नाही. उद्या काट्याची पावती ग्राह्य धरायची ठरवली तर कोण काय काढून आणतंय, टाकीत पेट्रोल किती आहे, वजन केल्यावर दारं परत लावली का, हे सगळं तपासावं लागेल. म्हणून कायद्याने आकडा गाडीपासून तोडला आणि मॉडेलला जोडला. तुमची गाडी कोणत्या मॉडेलची, कोणत्या ट्रिमची (त्याच मॉडेलमधल्या कोणत्या प्रकारची) आणि कोणत्या वर्षाची, हे व्हीआयएनवरून, म्हणजे गाडीच्या ओळख क्रमांकावरून, कळतं. त्या ट्रिमचं कंपनीच्या माहितीपत्रकातलं ड्राय वेट काय, ते बघतात. तुम्ही दारं काढा, सीट काढा, अर्धी गाडी उतरवा, माहितीपत्रकातला आकडा बदलत नाही. लग्नाच्या वयासाठी शाळेचा दाखला बघतात, चेहरा बघून वय ठरवत नाहीत, तसाच हा प्रकार.

ड्राय वेट म्हणजे पेट्रोल, तेल, कूलंट असे द्रव न धरता गाडीचं वजन. काट्यावर मात्र सगळं मोजलं जातं. पेट्रोल गॅलनमागे साधारण ६ पौंड भरतं, म्हणजे १० गॅलनची टाकी भरलेली असेल तर ६० पौंड तिथेच गेले. तेल आणि कूलंट वेगळं. त्यामुळे काट्याचा आकडा माहितीपत्रकापेक्षा नेहमी जास्तच दिसतो, आणि लोक विनाकारण घाबरतात. याची दुसरी बाजू फायद्याची आहे. तुम्ही नंतर बसवलेली विंच, छप्पर, जादा दिवे, बर्फाचा नांगर यांचं वजन या मर्यादेत मोजलं जात नाही. माहितीपत्रकात १,९०० असलेली गाडी सामान चढवून प्रत्यक्षात २,१०० ची झाली तरी वजनाच्या या नियमापुरती ती १,९०० चीच. पण कारखान्यातूनच बंद केबिन आणि हीटर घेऊन आलेली ट्रिम वेगळं मॉडेल समजली जाते आणि तिचं ड्राय वेट वेगळं छापलेलं असतं. तुमच्याकडे तीच आहे. नेमकी त्याच मालिकेतली उघडी, तीन आसनी गाडी घेतली असती तर बहुधा हा प्रश्न आलाच नसता.

जाहिरात वाचताना आणखी दोन ठिकाणी माणसं अडखळतात. एक म्हणजे कर्ब वेट. पोलारिस आणि कॅन-ॲम माहितीपत्रकात ड्राय वेट देतात, होंडा मात्र कर्ब वेट देते, म्हणजे द्रव भरून, चालवायला तयार अशा गाडीचं वजन. दोन कंपन्यांच्या गाड्या शेजारी ठेवून आकडे पाहिले तर होंडा उगाचच जड वाटते. मर्यादेच्या अगदी जवळची गाडी असेल तर डीलरकडून कंपनीचा ड्राय वेटचा आकडा लेखी मागून घ्यावा. दुसरं म्हणजे गाडीच्या चौकटीवर चिकटवलेलं जीव्हीडब्ल्यूआरचं लेबल. ते माणसं आणि सामान धरून गाडीने जास्तीत जास्त किती वजन घ्यावं याचं आहे. त्यावर ३,००० च्या पुढचा आकडा सहज असतो. तो पाहून 'माझी तर नोंदणीच होणार नाही' म्हणणारे फोन मला दर वसंत ऋतूत येतात. त्या आकड्याचा नोंदणीच्या मर्यादेशी काही संबंध नाही.

ही मर्यादा आली कुठून, हे थोडं सांगते, कारण प्रत्येक राज्याचा आकडा वेगळा का, ते त्यातून कळतं. सुरुवातीचे कायदे लिहिले गेले ते दोन्ही बाजूंना पाय टाकून बसायच्या, हँडलच्या चारचाकी क्वाडसाठी. तेव्हा १,००० पौंड ही भरपूर मोकळी मर्यादा वाटत होती. न्यूयॉर्कच्या व्याख्येत कित्येक वर्षं ७० इंच रुंदी आणि १,००० पौंड ड्राय वेट हेच आकडे होते. मग बाकड्यासारखी सीट आणि स्टीअरिंग असलेल्या गाड्या आल्या. त्या शोरूममध्ये विकल्या जात होत्या, पण नोंदणीच्या व्याख्येत बसत नव्हत्या, आणि तिथले लोक वर्षानुवर्षं हाच प्रश्न विचारत होते जो आज तुम्ही विचारता आहात.

रुंदीचंही तसंच. जंगलातल्या बऱ्याच सरकारी ट्रेल्स ५० इंचांच्या हिशेबाने आखलेल्या होत्या. २००८ च्या मॉडेलची पहिली पोलारिस आरझेडआर बरोबर ५० इंच रुंद होती आणि तिचं ड्राय वेट ९४५ पौंड होतं. हे आकडे योगायोगाने आलेले नाहीत. ट्रेलच्या फाटकातून आणि कायद्याच्या रकान्यातून, दोन्हींतून जाईल अशीच ती गाडी बनवली होती. पुढे स्पर्धा वाढली, सस्पेन्शन लांब झालं, गाड्या ६०, ६४, ७२ इंचांवर गेल्या. केबिन आली, एसी आला, सहा माणसं बसू लागली. कायदे मागून धापा टाकत आले, आणि प्रत्येक राज्य वेगळ्या टप्प्यावर थांबलं.

म्हणून आज चित्र असं दिसतं. पेनसिल्व्हेनियात १,२०० पौंड ड्राय वेट आणि ५० इंच यांच्या आत असलेली गाडी क्लास वन, दोन्हींपैकी एकही ओलांडलं की क्लास टू. म्हणजे तिथे जड गाडीला दार बंद होत नाही, फक्त तिला कमी ट्रेल्स मिळतात. विस्कॉन्सिनने एटीव्ही (क्वाड) आणि यूटीव्ही (साइड-बाय-साइड) वेगळे ठेवले: एटीव्ही ९०० पौंडांपर्यंत, यूटीव्ही ३,००० पौंडांपर्यंत, दोन्ही वजनं द्रव न धरता. शिवाय तिथे यूटीव्हीला सीट बेल्ट, स्टीअरिंग, दिवे, उलटल्यावर माणूस चिरडू नये यासाठीची चौकट, हे सगळं कारखान्यातूनच आलेलं असावं लागतं. तुम्ही घरी वेल्डिंग करून बसवलेलं चालत नाही. मिनेसोटाने वर्ग ठरवायला रुंदी धरली, आणि ती टायरपासून नाही तर रिमच्या बाहेरच्या कडेपासून कडेपर्यंत मोजतात: ५० इंचांपर्यंत पहिला वर्ग, त्यापुढे ६५ पर्यंत दुसरा. मला विचाराल तर वर्गवारी करायला रुंदी हेच जास्त प्रामाणिक माप आहे. ती टेप घेऊन कोणीही मोजू शकतो आणि माहितीपत्रकाच्या भरवशावर राहावं लागत नाही.

मग मेनने रुंदीबरोबर वजनही का धरलं? तिथली बहुतेक जंगलं खासगी मालकीची आहेत. ट्रेल्सचा मोठा भाग लोकांच्या जमिनीवरून जातो. अशा गाड्या चालवणाऱ्यांचा स्थानिक क्लब मालकाची परवानगी मिळवतो, वाट साफ ठेवतो, ओढ्यावर लाकडी पूल बांधतो. मालकाने उद्या मनात आणलं तर साखळी लावून वाट बंद करेल, त्याला कोणी विचारू शकत नाही. बर्फ वितळल्यावर मातीचा चिखल होतो, त्यात जड गाडीने खोल चाकोऱ्या पाडल्या तर सगळ्यात आधी चिडतो तो जमीनमालक. समोरासमोर दोन रुंद गाड्या आल्या की कुणीतरी बाजूच्या झुडपात घुसणार, म्हणजे वाट आणखी रुंद होणार, तीही परक्याच्या जमिनीत. त्यामुळे तिथे ही मर्यादा कागदी वाटली तरी तिच्यामागे रोजचा प्रश्न आहे. तुमच्यासारख्या बाहेरच्या माणसाला त्रास होतो हे खरं, पण मी त्या क्लबवाल्यांच्या बाजूने आहे.

माँटानाचं थोडक्यात सांगते, कारण त्यात फार दम नाही. तिथे एलएलसीच्या नावाने गाडी नोंदून प्लेट घेण्याचा धंदा बराच चालतो, मुख्यतः विक्रीकर वाचवण्यासाठी आणि रस्त्यावर चालवायची प्लेट मिळवण्यासाठी. तुमचा प्रश्न रस्त्याचा नाही, ट्रेलचा आहे. मेनच्या ट्रेलवर मेनची ऑफ-रोड नोंदणी लागते. माँटानाची प्लेट लावून तुम्ही तिथे गेलात तर वॉर्डन (खात्याचा तपासणी करणारा अधिकारी) ती बाजूला ठेवून मेनचं स्टिकरच मागणार. मॅसॅच्युसेट्सची ऑफ-रोड नोंदणीही त्याच कारणाने तिथे उपयोगाची नाही. वर, राहता एका राज्यात आणि कर वाचवायला कंपनी दुसऱ्या राज्यात, हे तुमच्या राज्याच्या महसूल खात्याला आवडत नाही आणि त्यावरून दंड होतात. फॉर्मवर वजन कमी लिहावं, असंही कोणीतरी तुम्हाला सुचवेलच. तो सरकारला दिलेला खोटा जबाब होतो, आणि व्हीआयएनवरून खरं वजन काढायला दोन मिनिटं लागतात.

आता तुमच्या हातात काय आहे ते बघू. इथे उत्तर परिस्थितीवर अवलंबून आहे, म्हणून तीन शक्यता वेगवेगळ्या सांगते.

पहिली: गाडी याआधी मेनमध्ये नोंदलेली होती का? जुनी घेतली आहे म्हणून विचारते. विकणाऱ्याने ती नियम येण्याआधी मेनमध्ये नोंदली असेल तर सवलतीचा विचार होऊ शकतो. व्हीआयएन, जुन्या नोंदणीची प्रत आणि विक्रीचा कागद घेऊन थेट खात्याच्या नोंदणी विभागाला लेखी विचारा की मालक बदलल्यावर ही सवलत तुम्हाला मिळते का. टाऊन क्लार्ककडून तोंडी उत्तर घेऊन थांबू नका. ती भली माणसं असतात, पण अशी प्रकरणं त्यांच्याकडे क्वचित येतात आणि मग ती सोपं उत्तर देऊन मोकळी होतात.

दुसरी: तुम्हाला खरंच ट्रेलवर जायचं आहे का? तुम्ही लिहिलंय की मुख्य उपयोग आई-बाबांना घरापासून तळ्यापर्यंत नेणं आणि लाकडं आणणं असा आहे. तळ्यापर्यंतची सगळी वाट तुमच्याच जमिनीतून जात असेल, तर मालक राहतो त्या त्याच्याच जमिनीवर चालवायला, आणि गाडी बाहेर कुठे नेत नसेल तर, मेनमध्ये नोंदणी लागत नाही; तुमचं हे दुसरं घर आहे, म्हणून खात्याला एकदा विचारून घ्या. गाडी जशी आहे तशी ठेवा, हीटरसकट. पण वाट मध्येच शेजाऱ्याच्या जमिनीतून किंवा सार्वजनिक रस्त्यावरून जात असेल तर हे लागू होत नाही, आणि शेजाऱ्याशी ओळख असल्याने नोंदणीची गरज संपत नाही. जमिनीचा सर्व्हे नकाशा काढून वाट त्यावर पेन्सिलने आखून पाहा. घराचा विमा या गाडीने झालेलं नुकसान भरतो का, आणि जमिनीच्या हद्दीबाहेर भरतो का, हे एजंटला ईमेलवर विचारून ठेवा. पाहुणे बसणार असतील तर हे आधी करा.

तिसरी: ट्रेलवर जायचंच असेल, तर ही गाडी विका आणि दुसरी घ्या. ऐकायला कडू आहे, पण नुसती केबिन काढून हीच गाडी बसवायच्या खटपटीत तुमचे पैसेही जातील आणि गाडीही धड राहणार नाही. विकताना जाहिरातीत स्पष्ट लिहा की मेनच्या ट्रेलसाठी नोंदली जात नाही. ज्या राज्यांत मर्यादा सैल आहे तिथले किंवा स्वतःच्या मोठ्या जमिनीवर काम असलेले गिऱ्हाईक शोधा, बंद केबिनला त्यांच्यात चांगली मागणी असते. नवीन घेताना रुंदी ६४ इंचांपर्यंत आणि ड्राय वेट २,००० च्या आत अशी ट्रिम बघा. चार आसनी गाड्यांमध्येही उघड्या, कापडी छपराच्या ट्रिम त्यात बसतात. धुळीसाठी पुढे अर्धी काच आणि मागे कापडी पडदा नंतर बसवता येतो, आणि वर सांगितल्याप्रमाणे त्याचं वजन मोजलं जात नाही. चाकांना स्पेसर (चाक बाहेर सरकवणारी जाड चकती) मात्र लावू नका. ६४ ची गाडी त्याने ६७ ची होते, आणि फाटकाच्या खांबाला माहितीपत्रक दाखवता येत नाही.

गाडी बघायला जाल तेव्हा पैसे देण्याआधी विकणाऱ्याकडून व्हीआयएनचा फोटो मागवा. त्यावरून कुठल्याही डीलरच्या पार्ट्स काउंटरला नेमकं मॉडेल आणि ट्रिम काढून मिळेल. जाहिरातीत लोक मालिकेचं नाव लिहितात, ट्रिम लिहीत नाहीत, आणि तुमच्या बाबतीत दोनशे पौंडांचा फरक तिथेच होता. मर्यादेचे आकडे अधूनमधून बदलतात, म्हणून ज्या राज्यात चालवणार त्या राज्याच्या खात्याच्या संकेतस्थळावर व्यवहाराच्या दिवशी एकदा नजर टाका. तुमची जुनी नोंदणी सापडली आणि खात्याचं उत्तर आलं की इथेच लिहा, त्यातली भाषा समजायला अडचण आली तर मी वाचून सांगेन.